मोज्यातली पाचवी बाटली

१४ मार्च, गुरुवार

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. रागात आशीर्वाद थोडे कमी द्यावेत का, हे ठरवता आलं नाही, म्हणून पुरते दिलेत. आईचा गुडघा बरा आहे. द्राक्षमळ्यातली छाटणी संपली. तुझी छत्री इथेच राहिली. लाजही राहिली असेल, सापडली तर पाठवते.

रविवारच्या तमाशाबद्दल लिहिणार नव्हते. पण तू फोनवर म्हणालास, "परीक्षा अगदी निष्पक्ष होती, ताई," तेव्हापासून दात आवळून माझा जबडा दुखतोय. निष्पक्ष! एकाच द्राक्षाच्या, शिराझच्या, पाच बाटल्या: फ्रान्स, चिली, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि पाचवी आपल्या मळ्याची, बाबांच्या हातची. लेबलं दिसू नयेत म्हणून वर लोकरी मोजे. तेही बाबांचे! माणूस जाऊन वर्ष होत नाही, तर त्याची वाइन त्याच्याच मोज्यात घालून त्याच्याच टेबलावर नापास करायची? असं काही सुचायला तुझ्यासारखं मोठ्या ऑफिसातलं डोकं लागतं.

आणि समोर तो मळ्याचा खरेदीदार, ग्लास नाकाशी धरून "अं... अं..." करत. हुंगत होता वाइन, बघत होता खिडकीतून जमीन. "आपली तळाला गेली नाही, तर मळा विकायचा विषय मी पुन्हा काढणार नाही." हे तुझे शब्द. साक्षीला तोच आहे.

तुम्ही गेल्यावर आवरायला घेतलं, तर चार बुचं तळघराच्या पायरीवर, पार सुकलेली. पाचवं जेवणाच्या टेबलाखाली, ओलं. म्हणजे चौघी पाहुण्या सकाळपासून गारव्यात, उघड्या, श्वास घेत बसलेल्या. आणि आपली शेगडीशेजारच्या कपाटातून काढून ऐनवेळी ओतलेली, कोमट! अरे, तुला झोपेतून उठवून उन्हात उभं केलं, तर तू तरी कितवा येशील? विसरलो म्हणू नकोस. विसरणारा माणूस बरोबर चारच बाटल्या लक्षात ठेवत नाही.

पण तेही एक वेळ गिळलं असतं. तू आईला विचारलंस, "सगळ्यांत वाईट कोणती, आई?" तिने भाबडेपणाने पाचवीवर बोट ठेवलं. "ही कुठली रे? जांभळं उकळून ठेवल्यासारखी लागते." आणि तू सगळ्यांदेखत मोजा खाली ओढलास. तिने मोजा पुन्हा वर चढवला, नीट केला, बाबांच्या आजारपणात त्यांच्या पायात चढवायची ना, तसा. तेव्हापासून रोज विचारते, "ती खरंच त्यांची होती का गं?"

आपल्या बाटलीला मी कितवा नंबर दिला, हे तू फोनवर दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा मी विषय आईच्या गुडघ्यावर नेला. मीही पाचवाच दिला होता, जा. ज्या पिंपांशेजारी लहानाची मोठी झाले, त्यांतली वाइन मला ओळखता आली नाही. तुझ्यावरचा अर्धा राग तिथून येतोय. फक्त अर्धा. उरलेला संपूर्ण तुझाच.

काल भर दुपारी पुन्हा घाट घातला. उरलेल्या पाचही बाटल्या बूच लावून तळघरात होत्या. सारख्याच शिळ्या, सारख्याच गार. आईने मोजे चढवून अदलाबदल केली, मी चाखलं. फ्रान्सची पहिली. मिरपूड, धूर आणि तोरा, पण तोरा शोभतो तिला. दुसरी चिलीची. तिसरी आपली. मग दक्षिण आफ्रिका, आणि तळाला ऑस्ट्रेलिया, मुरंब्यासारखी गोडगोड. हे सगळं मोजे काढल्यावर कळलं.

मग मी मोजे पुन्हा चढवून जागा बदलल्या, आता आईची पाळी. तिने ग्लासाला हातच लावला नाही. मोज्यांवरून बाटल्यांची बुडं चाचपत गेली. वाइन भरायला सपाट बुडाच्या स्वस्त बाटल्या बाबाच आणायचे. सापडल्याबरोबर म्हणाली, "ही पहिली!"

"आई, अजून चाखली कुठे?"

"जन्मभर काय केलं मग?"

तिची लबाडी मी चालवून घेतली. घरात एकालाच माफ असते, आणि तो तू नव्हेस.

तिसरी, धाकट्या. पहिली नव्हे, खोटं मला तुझ्याइतकं जमत नाही. पण तळाला नाही. विषय संपला.

विक्रीचे कागद परत पाठवतेय, माझ्या सहीची जागा कोरी ठेवून. त्यांतच गुंडाळून बाबांची एक बाटली आहे, मोजा घातलेली. थंड कर, उघडून थोडा वेळ राहू दे, आणि कोणी बघत नसताना पी. मोजा मात्र पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः ये, आणि आईच्या हातात दे.

तिसऱ्या नंबरावर खूश असलेली आणि त्या कागदांवर जन्मात सही न करणारी,

तुझीच
ताई