पाहुण्यांची ताटं कोण उचलणार

आई, तिकडे सगळे कसे आहात? तुमच्या गुडघ्यांपासून विचारते, कारण शेवटी शेवटी तुम्ही जिन्याकडे नुसतं बघायचात आणि मागे फिरायचात. तिथे जिने नसतील तर बरंच झालं. बाबांचा खोकला थांबला का, की तिथेही पहाटे सगळ्या आळीला जागं करतात? धाकट्या आत्यांचे डोळे कसे आहेत? त्यांना पुन्हा दिसायला लागलं असेल तर पहिली नावं कोणाच्या साडीला ठेवली, तेही कळवा. आणि हे? ह्यांची तब्येत मात्र तुम्ही स्वतः बघून सांगा. आई आहात, तुम्हाला कळेल. त्यांना विचारलं तर ‘बरा आहे’ एवढंच म्हणतील. इथे म्हणाल तर नात उंच झाली आहे, सुनेचं पित्त उन्हाळ्यात जरा उसळतं, मुलाला झोप कमी. मी चालते-फिरते आहे. कंबर सकाळी उठायला कुरकुर करते, मग चुलीपाशी गेली की गप्प बसते. आता चूल नाही, गॅस आहे, पण म्हणताना मी चूलच म्हणते.

पत्र लिहायला कारण झालं ते आपल्या पाहुण्यांचं. तुम्हाला आठवतं ना ते सगळं कसं सुरू झालं? सुरूच्या बनात फिरायला आलेलं मुंबईचं एक कुटुंब उन्हाने हैराण होऊन आपल्या वाडीत पाणी मागायला आलं. तुम्हाला नुसतं पाणी देता यायचंच नाही. जेवलात का, विचारलंत, आणि उत्तर यायच्या आत मला हाक मारलीत. बोंबलाचं कालवण होतं, भात होता, केळफुलाची भाजी सकाळचीच उरलेली. मागच्या पडवीत ती माणसं जेवली आणि चिकूच्या सावलीत आडवी झाली. पुढच्या महिन्यात तीच माणसं आणखी दोन घरं घेऊन आली. मग त्या दोन घरांनी आपापली माणसं आणली. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती, धंदा हा शब्दसुद्धा घरात कोणी काढत नव्हतं. बाबा म्हणायचे, तुझ्या पाहुण्यांनी माझी ओटी बळकावली.

माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. लिहायला शिकले ते मुलाच्या पुस्तकांवरून, आणि माणसं ओळखायला शिकले ते तुमच्या हाताखाली. पहिल्याच वर्षी तुम्ही मला झापलं होतंत. पाहुणे हात धूत होते आणि मी पदराशी चाळा करत विचारलं, जेवण कसं झालं? सगळे छान छान म्हणाले, मी खूश. तुम्ही मला आत बोलावलंत आणि माझ्यासमोर ताटं ठेवलीत. वालाची उसळ चारही ताटांत तशीच पडून होती. “पावन्याला इचारायचं नाय,” तुम्ही म्हणालात. “इचारलंस तर तो बराच म्हननार. आपल्या घरात बसून तो वायीट कसा बोलल? ताटात बघ.” त्या दिवसापासून एक नेम झाला. वाढायला कोणीही असो, पाहुण्यांची उष्टी ताटं घरच्या कर्त्या बाईनेच उचलायची. कामाला बाया होत्या, तरी तुम्ही त्यांना ताटांना हात लावू दिला नाहीत. कोणी काय टाकलं, कोणी काय पुसून खाल्लं, मुलाने कशाला नाक मुरडलं, सगळं तुम्ही पडवीतून मोरीपर्यंतच्या वाटेत वाचायचात, आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्याप्रमाणे बदलायचा. पाहुण्यांना वाटायचं, ह्या मावशींना मनातलं कसं कळतं.

आता मुलाचं सांगते. तारापूरच्या कारखान्यातली नोकरी त्याने सोडली, हे तुम्ही असतानाच झालं असतं तर तुम्ही त्याला दोन दिवस जेवायला वाढलं नसतंत. पण त्याची छाती त्या धुराने भरून यायची. मीच म्हटलं, ये घरी, वाडी आहे, पाहुणे आहेत. त्याने मन लावून केलं. कोळगावच्या सरकारी ऑफिसात हेलपाटे घालून नोंदणी केली, खोल्यांना फरशी बसवली, रस्त्यावर उजेडाची पाटी लावली. आता पाहुणे फोनवरूनच खोली धरतात आणि जाताना फोनवरच तारे देतात. पाचातले पाच तारे देतात, आई. आणि परत येत नाहीत. वर्ष झालं, नवीन माणसं येतात, तारे देतात, जातात. शनिवार-रविवार सोडला तर खोल्या रिकाम्या. मुलगा रात्रंदिवस फोनमध्ये बघतो, कुठे चुकलं ते त्याला सापडत नाही.

अशात मुंबईच्या एका कंपनीची दोन माणसं आली. किनाऱ्यावरची घरं ते चालवायला घेतात. सगळ्या घरांना एकच नाव, एकच जेवण, एकाच रंगाच्या चादरी, आणि त्यांचा मॅनेजर इथे राहणार. आम्ही बोईसरला फ्लॅटमध्ये राहायचं, दर महिन्याला पैसे घरपोच. दोघे मोठे गोड बोलत होते. मोठा मला म्हणाला, “आजी, तुम्ही फक्त आराम करायचा.” वाडी ह्यांच्या मागे माझ्या नावावर आहे, म्हणून सही माझी हवी होती. मुलगा माझ्याकडे बघतही नव्हता, कारण बघितलं असतं तर मी ओळखलं असतं की त्याला स्वतःलाच काय हवं ते कळत नाहीये.

ती माणसं जेवायला थांबली. जेवण झाल्यावर मी सवयीने उठले आणि ताटं उचलली. हल्ली मी पडवीत फारशी जात नाही, ते काम कामाच्या बायांवर आहे, पण ही माणसं घर घ्यायला आलेली, म्हणून गेले. ते दोघे अवघडले, अहो राहू द्या, बायका आहेत ना, म्हणू लागले. मी ताटं घेऊन आत आले आणि मोरीपाशी उभी राहिले. कालवण संपलं होतं, कोळंबी संपली होती, आणि भात दोन्ही ताटांत ढिगाने पडला होता. लांब दाण्याचा, मोकळा, दिसायला लग्नातल्यासारखा. आपल्या घरात नेहमी वाडा गावाकडचा कोलम तांदूळ शिजायचा, तो कालवण पिऊन घेतो. हा भात कालवण खाली सोडून देतो आणि वर कोरडाच राहतो. मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, शहरातल्या लोकांना हाच आवडतो म्हणून तुमच्या लेकाने वर्षभर हाच आणलाय. मग कामाच्या बाईला विचारलं. ती हसून म्हणाली, “भात रोजच उरतो ना, आजी. कोंबड्या बघा कशा झाल्यात.”

कंपनीवाले रविवारनंतर येतो म्हणून गेले. मुलाला मी विहिरीपाशी गाठलं आणि भाताचं सांगितलं. तो चिडला. “भातावर काय धंदा चालतो का, आई?” मी म्हटलं, “भाताचं नाही रे. घरातल्या कोंबड्यांना जे माहीत आहे ते तुला माहीत नाही, त्याचं आहे. आता ताटं तू उचलत जा.” तो हसला नाही. रहाटाचा दोर गुंडाळत म्हणाला, “मला ताटं उचलायला जमनार नाय.” मला वाटलं आळस. तसं नव्हतं. त्याच्या कारखान्यातल्या शिफ्टमधली माणसं सालवडहून बायकामुलं घेऊन रविवारी इथे येतात. तो नोकरी सोडून मालक झाला, म्हणून मोठ्या कौतुकाने येतात. “त्यांच्या पोरांची उष्टी उचलू? उद्या अख्ख्या बोईसरात सांगतील, हा तिकडं वेटर झालाय म्हणून.” मग तो हळूच म्हणाला, “आज्जीला लाज नाय वाटायची. माझं तसं नाय.”

तेवढ्यात मला तुम्ही दिसलात, आई. पडवीतून ताटं घेऊन येताना. तुमचा पदर. एरवी घरात डोक्यावरून केव्हाच घसरलेला असायचा, आणि ताटं उचलताना मात्र पार कपाळाखाली ओढलेला. मी नवी होते, मला वाटायचं परक्या पुरुषांसमोरची रीत असेल. पण जेवताना त्याच पुरुषांशी तुम्ही उघड्या कपाळाने थट्टामस्करी करायचात. तुमच्या माहेरची माणसं एकदा नेमकी त्याच वेळेला आली होती. मुंबईकरांची उष्टी काढते म्हणून तुमच्या भावाने पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि पुढे किती तरी दिवस त्या घरातून कोणी आपल्याकडे फिरकलं नाही. तुम्ही त्या दिवशीही ताटं उचललीत. मी इतकी वर्षं समजत आले की तुम्हाला कशाचं काही वाटत नाही. वाटत होतं ना? रोज वाटत होतं?

मी मुलाला एवढंच सांगितलं: आज्जीलाही लाज वाटायची. आणि म्हटलं, तुला जमत नसेल तर मी सही करते, त्यात तुझ्यावर माझा राग नाही. घर ज्याने चालवायचं त्याने पाहुण्याच्या ताटापर्यंत वाकायला हवं, नाहीतर ते घर कंपनीने चालवलेलं काय वाईट.

रविवारी सालवडची माणसं आली. मोठी पंगत झाली, पडवी भरून. मी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले होते. जेवणं झाली तसा मुलगा उठला, आणि पहिलंच ताट उचलायला गेला ते त्याच्या जुन्या फोरमनचं. फोरमन उत्तरेकडचा, दांडगा माणूस, मुलाला कामावर त्यानेच शिकवलेलं. त्याने ताटाची दुसरी कड धरली. “अरे छोड़, तू क्यूँ उठा रहा है? मालिक है तू.” दोघांच्या मध्ये ताट, आणि सगळ्या पंगतीचे डोळे तिकडे. मुलाचे कान लाल झालेले मला दारातून दिसत होते. “मालिक हूँ, इसलिए,” तो म्हणाला. मागून कोणी तरी शिट्टी मारली, कोणी तरी म्हणालं, “वेटर, एक पानी,” आणि सगळे हसले. मुलगाही हसायचा प्रयत्न करत होता, पण जमलं नाही. तरी त्याने शेवटच्या पोराचं ताटसुद्धा उचललं. मोरीपाशी येऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि ताटं बघत बघत म्हणाला, “आई, उसळ तिखट झालीय. पोरांनी खाल्ली नाय.” दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला नाही कळवलं. सही राहिली.

सगळे खूश आहेत, आई. सून कोलमाची पोती शोधायला वाड्याला जाणार आहे. मला शेजारच्या येऊन सांगून गेल्या, पोरगा आजीवर गेला. मीही हो म्हटलं. पण तुम्हाला खरं सांगते, दुसरं कोणाला सांगता येणार नाही. तो ताटाला हात घालत होता तेव्हा दारात बसून मी मनात म्हणत होते, नको उचलू. उचलू नको, म्हणजे मी सही करीन. त्या फ्लॅटला लिफ्ट आहे, खिडकीत ऊन येतं, आणि सकाळी उठून कोण आलं, कोण जेवलं, कोणाला काय लागलं, काही बघायचं नाही. मी दमले आहे. घर वाचलं ते बघून आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण तो दुसरा आला. पहिला आला तो हिरमोड.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत आहे असं नाही, तेव्हा ते माझ्याच पेटीत साड्यांखाली राहील. तरी उत्तर मात्र लवकर लिहा. मोठं नको. तुम्हीही कधी दमला होतात का, आणि दमलात तर कोणाला सांगितलंत, एवढंच लिहा.