परात हातात आल्यापासून

२ सप्टेंबर २००७, रविवार
मेलो. चौघंही. तीन मिनिटांत. कारण मी.

सुभेदारकाकांचे डोळे मोतीबिंदूने धूसर झालेत, म्हणून आज त्यांनी कॉम्प्युटरवरच्या खेळातला त्यांचा गडी मला चालवायला दिला. सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा, अंगभर चिलखत, डाव्या हातात गोल ढाल. ढाल कसली, आमच्या घरची पीठ मळायची परातच ती. इतके दिवस मी मागून बाण मारायचे, आज एकदम परात! हुरळून गेले. गुहेत शिरले आणि दिसेल त्याला आवाज देत सुटले. लांडगे आले, भुतं आली, कोपऱ्यातले जाडे रखवालदारही आले. फुलबाजारात मी जन्मभर हेच केलंय. या ताई, या दादा. आवाज दिला की गिऱ्हाईक आलंच पाहिजे. इथेही आलं. सगळं एकदम.

काका (तोफखान्यातून रिटायर, रोज देवळाली कॅम्पातून बसने कॉलेज रोडच्या या सायबर कॅफेत येतात) शांतपणे म्हणाले, "बाजार भरवलास, पोरी. आता तोलणार कोण?"

इंजिनिअरिंगची तिन्ही पोरं टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मीही हसले. कान मात्र लाल.

६ सप्टें., गुरु.
काकांची शाळा. माझ्या खुर्चीमागे उभे राहून कवायत घेतात.
"एकालाच हात घाल. बाकीच्यांनी दोन सेकंद गप्प. त्याचं तोंड तुझ्याकडं वळलं का मग मारा. अन् त्याला असा फिरव की पाठ पोरांकडं आली पाहिजे."
मी म्हटलं, म्हणजे नुसता मार खात उभं राहायचं?
"मार तर बसणारच. कुणाला बसावा, ते तू ठरवायचं."

४ ऑक्टोबरला त्यांचं ऑपरेशन. मग दीड महिना स्क्रीन बंद. तोवर गडी माझ्याकडे. अट एकच: शेवटच्या गुहेतला लाल राक्षस मारून दाखवायचा. काकांच्या हातूनही तो कधी मेला नाही.

घरी पोचायला तीन वाजले. मखमलाबादेत आमच्या मळ्यात शिरतानाच आईचा आवाज. शेवंतीला पाणी सोडलं नाही म्हणून वहिनीला झापत होती. पाणी सोडायचं काम माझं होतं. मी मागच्या दाराने आत सटकले. वहिनी माझं नाव न घेता पाणी सोडायला निघाली. नाव ती कधीच घेत नाही.

१२ सप्टें., बुध.
पकडले गेले! वहिनीने पकडलं.

बाजार उठल्यावर रोज ही कुठे जाते, म्हणून रिक्षा करून मागे आली. बाहेर माझी स्कूटी दिसली. थेट खुर्चीमागे येऊन उभी. "ताई, हाई काय शे?" (म्हणजे, हे काय आहे? ती सटाण्याकडची आहे, दचकली की माहेरची भाषा.) मग माझ्या कानात, "पोरगा कोणता?" मी स्क्रीनवरच्या अस्वलाकडे बोट केलं.

तिघा पोरांतला अभय आमचा वैद्य. जखमा भरायचं काम, त्याला मनापासून कंटाळा. चहा आणायला गेला होता, त्याच्या खुर्चीत वहिनी टेकली. नेमकी माझ्या जिवाची लाल रेघ खाली यायला लागली. मी ओरडले, वहिनी, दोन नंबर दाबा! तिने दाबला. रेघ वर. पुन्हा खाली, पुन्हा दाबला. अभय चहा घेऊन आला तर ही उठेना. तो खूश. माझे बाण त्याने घेतले.

१४ सप्टें., शुक्र.
उद्या गणपती. पहाटे चारपासून फुलबाजारात. पाय गेलेत कामातून, पण लिहितेच.

एक गृहस्थ वहिनीवर चढले. झेंडू भिजवून वजन वाढवलंय म्हणे. तिने तराजू खाली ठेवला, मागे गिऱ्हाइकांची रांग. काय सुचलं कोण जाणे, मी दुसऱ्या टोकाहून हाक मारली, "ओ काका, फुलं मी भरलीत. माझ्याशी बोला." वळले! अख्खे वळले, पाठ वहिनीकडे. मी झेंडूची ओंजळ त्यांच्यापुढे झटकली, थेंब पडेना. तरी पाच मिनिटं बोलले. बोलेनात का. तेवढ्यात वहिनीने आठ जणांचं तोलून दिलं.

आई मागे हार ओवत होती, तिला पत्ता नाही. वहिनी मात्र तराजूआडून हसली.

२३ सप्टें., रवि.
लाल राक्षस, पहिला प्रयत्न. बेकार मेलो. मी पुढे पळत गेले, वहिनी वळणापलीकडे राहिली. तिची निळी रेघही संपलेली, म्हणजे औषधच शिल्लक नाही. मी पाहिलंच नव्हतं.

परतताना स्कूटीवर मागून म्हणाली, "तुम्ही लय पळता, ताई. घरीपण. मी मागं राहते अन् मग सगळं माझ्यावर येतं."

माझं तोंड तिला दिसलं नाही ते बरं झालं. शेवंतीचं पाणी आठवलं. लाज वाटली. खरंच वाटली.

३० सप्टें., रवि.
नवा नियम. कुणालाही हात घालण्याआधी मी विचारते, "वहिनी, निळं किती?" ती "भरलं" म्हणाली तरच पुढे. पोरं चिडवतात. चिडवू देत, आठवडाभर कुणी मेलं नाही.

रात्रीच्या भाकऱ्यांच्या वेळी सहज विचारलं, निळं किती? "पाव." मी तिच्या हातून पीठ घेतलं. माझ्या भाकऱ्या पाहून दादा म्हणाला, हे नकाशे कुणी काढले? वहिनी हसून हसून खाली बसली.

७ ऑक्टो., रवि.
ऑपरेशन झालं. काका काळा गॉगल लावून हजर. "बघायचं नाय म्हणालेत डॉक्टर. ऐकायला कुठं बंदी हाय?" भिंतीकडे तोंड करून बसले आणि आमचं ऐकत राहिले. राक्षस निम्म्यावर आणला. मग मेलो. पण झकास मेलो.

१४ ऑक्टो., रवि.
मेला!!! लाल राक्षस मेला!!!

नीट लिहिते. पाव जीव उरला होता त्याचा आणि लाइट गेली. कॅफेतले दोनच कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, माझा आणि वहिनीचा. तिन्ही पोरं बाद. मारणारं कुणी नाही, पळावं तर सगळं पहिल्यापासून. काका अंधारातून म्हणाले, "मारू नको. नुसती उभी राहा."

उभी राहिले. तो हाणतोय, मी परात धरतेय, वहिनी भरतेय. घाई नाही. "निळं किती?" "निम्मं." मी मोठे फटके तेवढे परातीवर घेतले, म्हणजे तिला श्वास मिळेल. "निळं किती?" "थोडं शे!" इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. अकरा मिनिटं. आणि लाइट आली. पोरं खुर्च्यांवर तुटून पडली, आत आली, आणि...

"मेला का? अरे, कुणी सांगेल का, मेला का?" काका ओरडत होते. वहिनी खुर्चीवर उभी राहून ओरडली, "मेला, काका, मेला!" काकांनी गॉगल काढला, डोळे पुसले, परत लावला. डॉक्टरांना सांगायचं नाही असं ठरलं. मला म्हणाले, "परात तुझीच आता. मी आलो का बाण मारीन."

इतका आनंद मला बारावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

१५ ऑक्टो., सोम.
खाली झेरॉक्सला आलेल्या बाजारातल्या मावशींनी काल काचेतून वहिनीला खुर्चीवर उभी पाहिलं. आज आईला सांगितलं. नवरात्राचे उपास, त्यात हे.

संध्याकाळी घरी आले तर अंगणातूनच ऐकू आलं. "तुझंच काम हाय हे! माझ्या पोरीला नादी लावलंस. ती अशी नव्हती." मागचं दार उघडंच होतं. मी पुढच्या दाराने गेले.

"आई, इकडे बघ. तिला मी बसवलं तिथे. आणि त्या दिवशी शेवंतीचं पाणीही मीच विसरले होते."

वळली. हार ओवायच्या सुईसकट, अख्खी वळली. बापरे. मी सरकत सरकत ओट्यापाशी गेले, म्हणजे आईची पाठ वहिनीकडे आली. अर्धा तास. सुभेदारकाकांच्या तोफा काहीच नाहीत.

आता ती देवीच्या आरतीला गेलीय. "राहिलेलं आल्यावर," असं बजावून.

वहिनीने न विचारता चहा ठेवला, शेंगदाण्याचा लाडू ठेवला. मग म्हणाली, "लाल किती, ताई?"
"पाव."
तिने दुसरा लाडू पुढे सरकवला.

आरतीची घंटा थांबली. अंगणात चपला वाजतायत. मी दाराकडे तोंड करून बसलेय. वहिनी माझ्या मागे.