पाठ असलेलं माप

६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दुरुस्तीला धाडलेल्या कोटाचं पार्सल पोचलं. बटणं झकास, शिवण नेहमीसारखी बारीक, आणि कोट मात्र कुणा दुसऱ्याच बाईचा! पुढून पायघोळ, मागून वर उचललेला. पट्टा कमरेवर बसायचा तो खाली ढुंगणावर येऊन बसलाय. ग्रंथालयाच्या बांधणीखोलीत तो घालून उभी राहिले, तर सुया ओवता ओवता सगळ्या जणी तोंडात पदर कोंबून हसल्या. हे चौथं वर्ष. दरवर्षी लिहिते, दरवर्षी तू पुढून बोटभर कापतोस, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तू शिवणाच्या शाळेत कधी गेला नाहीस हे आता या वयात दिसायला लागलंय. चष्मा बदल, नाहीतर कात्री वहिनीच्या हातात दे.

माझी काळजी नको. आमच्याकडे एक यंत्र आलं होतं. त्यावर अनवाणी उभं राहायचं, की चिठ्ठी बाहेर येते. माझ्या हाडांचं वय एकेचाळीस निघालं! मी चौसष्टची. ग्रंथपालांनी चिठ्ठी फळ्यावर लावली. एक तारखेला सगळे जाड ग्रंथ वरच्या मजल्यावर हलवायचेत, त्यात शिडीवरचं काम मलाच दिलंय, उंचीवरून तू पाडलेल्या नावाला शोभेल असं. मागच्या वर्षी पाठीत धरलं होतं ते गारठ्याचं होतं, महिन्याभरात गेलं.

लोभ असू द्यावा. कोटाचा राग वेगळा धरला आहे.
तुझी,
शिडी

११ जानेवारी

चि. शिडीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं आणि चष्म्याचं वाक्य दोनदा वाचलं. तुम्हा नणंद-भावजयांचं सूत कधी जमलं ते मला कळलंच नाही.

माझा हात चुकला म्हणतेस? अगं, दुकान उघडलं तेव्हा पहिलं माप तुझं घेतलं. वहीचं पहिलं पान तुझं. ते पान पुन्हा उघडायची वेळ आली नाही, तुझं माप मला पाठ आहे. घरच्या माणसाला टेप लावायला मी काही नवशिका नाही. दोष तुझ्या धुण्याचा. उकळत्या पाण्यात कोट बुचकळतेस आणि पुढून चिमटे लावून टांगतेस, मग कापड ताणणार नाही तर काय करेल? बाह्या किती लांबल्या तेही लिही, म्हणजे पुरावाच मिळेल.

आणि ते यंत्र! तळपायाला गुदगुल्या करून हाडांचं वय सांगणार म्हणे. त्याच्यापेक्षा माझं स्टूल हुशार आहे. त्यावरून उठताना जो मांडीवर हात रेटतो त्याच्या पायातला जोर चाललाय हे मला कळतं. माप घेताना हात खांद्याच्या वर जात नाही, सकाळी अंगठी बोटातून निघत नाही आणि तासभर बोटं आखडलेली राहतात, हेही मी बघतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, बाबा रे, कोट नंतर, आधी डॉक्टर. चिठ्ठी देत नाही एवढंच. तुमच्या ग्रंथपालांनी एवढे ग्रंथ सांभाळले, त्यातला एखादा उघडलाही असता तर बरं झालं असतं.

वहिनीचा नमस्कार. आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तू आपली तिकडेच शोध.
दादा

१५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाह्या बरोबर आहेत, सूतभरही फरक नाही. मनगटाच्या हाडावर येऊन थांबतात, जशा तीस वर्षं थांबत आल्या. आता बोल! कोट मी गार पाण्यात धुते आणि खुंटीला टांगते. मग तुझं ते शहाणं कापड फक्त पाठी-पोटावरच ताणलं का? इथल्या एका मैत्रिणीने विचारलं, की तुझ्या भावाला अजून कुणी दुकानातून घरी कसं बसवलं नाही. मी म्हटलं, त्याला बसवायला गेलेल्यालाच तो मापात चूक काढून परत पाठवतो.

कोट परत धाडते आहे. टेबलावर पसर आणि लाज वाटली तर कळव.

लोभ आटवू नये.
शिडी

१८ जानेवारी

चि. शिडीस,
अ. उ. आशीर्वाद.

बाह्या बरोबर आहेत हे वाक्य वाचलं आणि कात्री खाली ठेवली.

कापड ताणतं तर बाह्याही ताणतात. माझा हात चुकतो तर बाहीतही चुकतो. कोट पसरून पहिल्या पानाशी ताडून पाहिला. पुढून कापलं तेवढं सोडलं तर सगळा जसाच्या तसा. म्हणजे कोट बरोबर आहे, शिडे. तू कमी झालीस. हातपाय आहेत तेवढेच आहेत, मधलं धड आखडलंय. पुढून लोंबणारा आणि मागून उचललेला कोट म्हणजे पाठीत वाकलेल्या माणसाचा कोट. अशा गिऱ्हाइकाला आम्ही पाठ वाढवतो, पुढा कमी करतो. शेकड्यांनी केले असतील. शिकाऊ पोरालाही पहिल्या वर्षात कळतं ते मला चार वर्षं कळलं नाही, कारण मी बघितलंच नाही. तू कळवत राहिलीस आणि मी बोटबोट कापून तुझी पाठ झाकत राहिलो. स्टुलाच्या गमजा मारणाऱ्या त्या म्हाताऱ्याला वहिनीने आज जेवायला वाढलं हीच मेहरबानी.

दोन गोष्टी कर. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभी राहा, हनुवटी न उचलता डोकं टेकतं का ते कुणाला तरी पाहू दे. मग दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत माप, आणि अनवाणी उंची माप. पहिल्या पानावर तुझी दोन्ही मापं सारखी आहेत. ते पाठीतलं धरणंही मला गारठ्याचं वाटत नाही.

मी शिंपी आहे, वैद्य नाही. डॉक्टरकडे जा, आणि तोवर शिडीवर चढू नकोस. मी खोटा ठरलो तर दुकानाच्या दारावर लिहून लावीन, की याला बहिणीचं माप येत नाही. एक तारीख जवळ आली आहे. ऐक एवढं.
दादा

२७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दारावरची ती पाटी वाचायला मिळावी म्हणूनच गेले, दुसरं काही कारण समजू नकोस.

डोकं भिंतीपासून चार बोटं लांब राहिलं. मैत्रीण आधी हसली, मग तीच टेप शोधून घेऊन आली. हातांचं माप उंचीपेक्षा अडीच इंच जास्त भरलं. डॉक्टर म्हणजे एक काटकुळी मुलगी. हातांच्या मापावर तिचा विश्वास नाही, ती नुसती शंका घ्यायला बरी म्हणाली आणि एक्स-रे काढला. दोन मणके दबलेत. एक जुना आहे, तोच माझा गारठा. आई शेवटी वाकली होती का, असं तिने विचारलं. वाकली होती म्हटलं, आम्ही ते वय समजलो. ती म्हणाली, सगळेच तसं समजतात.

मी फळ्यावरून काढून नेलेली यंत्राची चिठ्ठी ऐटीत पुढे केली. तिने उलटसुलट पाहून विचारलं, याच्यावर बक्षीस कधी निघतं. अशी उद्धट मुलगी, पण मला आवडली. गेलेली उंची येणार नाही, पण पुढचं थोपवता येतं असं तिचं म्हणणं. गोळ्या, रोजचं चालणं, पुढे वाकून काही उचलायचं नाही, आणि शिडी बंद. पडले असते तर खुब्याचं हाड गेलं असतं, हे तिने हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं.

ग्रंथपाल रुसले. त्यांच्या चिठ्ठीवर एकोणतीस आहे, तेव्हा आपणच चढावं असं मी सुचवलं. मी खाली खुर्चीवर बसून क्रमांक सांगणार. पहिल्या कपाटालाच घाम फुटेल त्यांना.

बांधणीत जाड ग्रंथाच्या पाठीला आतून रद्दी कागदाचा थर चिकटवतात. सगळ्यात जाड शब्दकोश काल माझ्याकडे होता. माझी चिठ्ठी परत फळ्यावर न लावता त्याच्या पाठीला लावली. कुणाच्या तरी पाठीला उपयोग झाला तिचा.

पाटी लावू नकोस, गिऱ्हाइकं खरं मानतील. लोभ आहे, तो मात्र बोटभरही कापू नकोस.
शिडी

ता. क. नव्या कोटासाठी मापं पाठवत नाही. टेप घेऊन ये, आणि पान नवीन काढ.