वरच्या खोलीतलं कुंभारीचं वळण

आबा, वरच्या पत्र्याच्या खोलीत मी एक गाडी बांधलीय. तिला चाकं नाहीत, इंजिन नाही, ती कुठंही जात नाही. समोर टीव्हीवर रेसचा गेम चालतो, आणि त्यातली गाडी जशी वळेल, दबेल, आदळेल तशी खालची सीट हलते. लोखंडी अँगलची चौकट, मधोमध सीट चहूकडं कलावी म्हणून भंगारातल्या शाफ्टचा क्रॉस, त्यावर जुन्या जीपची रुंद सीट, आणि मागून तिला ढकलायला ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी. टॉवेलच्या कारखान्यात मागांची पॅनेलं दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे मोटारीनं कधी किती फिरायचं हे तिला शिकवणं जमलं. तुम्ही असता तर सगळं बघून एवढंच विचारलं असतं, "बरं हाय, पण माणसं किती बसत्यात?"

तुमची सून रोज ऐकवते, "दारात खरी गाडी आणायची सोडून ही खुर्ची काय हलवत बसलाय?" तिला वाटतं मला रेसचं वेड लागलंय. मला रेस जिंकायची नाही, आबा. मला एक वळण हवंय. कुंभारी गावाच्या अलीकडचं, उजवीकडचं. ते अंगाला जसं लागायचं तसं एकदा लागू दे, एवढ्यासाठी महिनोन्महिने माझं खाली-वर चाललंय. जेवता जेवता उठतो, एक बोल्ट आवळून येतो, पुन्हा ताटावर बसतो. दोन घास झाले की वाटतं, बोल्ट जास्तच आवळला की काय. की पुन्हा जिना.

अजून डोळ्यांपुढं दिसतं, तुम्ही वडापची जीप चालवता. स्टँडजवळ उभे राहून माणसं भरत ओरडता, "सरका की जरा, अजून दोघं बसत्यात," आणि खरंच बसतात. शेवटी तुमचीच सीट उरते. मग तुम्ही डावीकडं सरकून अर्ध्यावर टेकता, आणि शाळेला सुट्टी असली की उरलेल्या अर्ध्यावर, तुमच्या आणि दाराच्या मधे, मी. दाराची कडी तुटलेली, तारेनं बांधलेली. एकदा डावीकडच्या वळणावर घाबरून मी दार धरलं, तर सगळ्या गाडीदेखत खेकसलात, "दार धरू नको म्हणलं न्हवं! मला धर." दिवसभर मी रुसलो. पण तेव्हापासून तुमच्या शर्टाची कड माझ्या मुठीत असायची. मग कुंभारीच्या अलीकडं जीप उजवीकडं वळायची आणि मी अख्खा तुमच्यावर जाऊन पडायचो. घामाचा वास, तंबाखूचा वास, आणि तो टणक खांदा. तुम्ही तसूभर हलायचा नाहीत. तुम्ही गेलात, मागून जीपही विकली गेली, आणि अलीकडं तुमचा आवाजही मला नीट आठवेनासा झालाय. याची मला भीती वाटते. ते वळण तेवढं अंगात शिल्लक आहे, म्हणून हात धुऊन त्याच्या मागं लागलोय.

पहिल्यांदा मी सगळं उलटं करून बसलो. गेममधली गाडी उजवीकडं वळली की सीटही उजवीकडं कलायची. आपल्या घरात तुमच्यानंतर चारचाकी आलीच नाही. माझा सगळा जन्म मोटारसायकलवर गेला, वळणात आत झुकायचं हेच अंगात मुरलेलं. जीप माणसाला वळणाच्या बाहेरच्या अंगाला फेकते, हे साफ विसरलो होतो. दोन मोटारींच्या वायरी अदलाबदल केल्या आणि सीट डावीकडं कलू लागली. आता चूक काढायला जागा नव्हती, तरी ते वळण येईना. सीटखालची रबरं बदलली, मोटारींचा झटका वाढवला, एकदा तर वेल्डिंग तुटून सीटसकट भिंतीवर आदळलो.

परवा दुपारी आई गुडघे धरत जिना चढून वर आली. मी मधोमध बसून वळणं घेत होतो. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या मोठ्या शिटावर एकट्यानंच बसायचं व्हय?"

"एकट्याचाच खेळ असतो गं हा."

"आसंल बाबा," म्हणाली आणि वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गच्चीवर गेली.

मी पुन्हा एक उजवं वळण घेतलं. सीट डावीकडं कलली, मीही कललो, आणि तिथं कुणीच नव्हतं. मोटारी बरोबर होत्या, वायरी बरोबर होत्या. पडणाऱ्याला अडवायला तिथं तुम्ही असायचा. मला रडू आलं आबा, चांगलं हुंदके देऊन. गच्चीवर मिरच्या असल्यानं डोळ्यांचं निभावून गेलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? टूलबॉक्समध्ये पान्यांखाली राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून मी सीटवर उजवीकडं सरकून बसतो. पट्टा नीट लागत नाही, ब्रेकवर पाय तिरका पडतो, रेस तर रोज हरतो. तुमची सून विचारते, "सरळ बसा की, असं कडंला का?" मी तिला सांगितलंय, डाव्या बाजूची स्प्रिंग टोचते. ती टोचत नाही, आबा.