नारिंगी सॉकेट

सोमवार, ८ जानेवारी

बसले एकदाचे! दोन गल्ले, दोन नवे कॉम्प्युटर, आणि मागच्या कोठीत एक लोखंडी पेटी. इतकी जड की ती आणणाऱ्या थीसनची कंबरच धरली. हा सास्काटूनचा वीजवाला. म्हणे, "दुकानातली वीज गढूळ असते. फ्रीज सुरू झाला की हिसका, मोटर बंद झाली की हिसका. ही पेटी ती गाळून कॉम्प्युटरला देते."

विजेलाही गाळणी! गेल्या उन्हाळ्यात अख्खं गाव नळाचं पाणी उकळून पीत होतं, पण यंत्रांची बडदास्त बघा.

पेटीवरची सॉकेटं नारिंगी. त्यात कॉम्प्युटरशिवाय काही म्हणजे काही लावायचं नाही, चहाची किटलीसुद्धा नाही. वॉल्टर (मालक) मला म्हणाला, "स्टेफाबाई आज सुट्टीवर आहेत, ल्यूबा. त्यांना तू सांग."

सांगते! ती बाई कळफलकाला बोट लावायच्या आधी छातीवर क्रूस काढते. ती कशाला जाते सॉकेटच्या वाटेला?

शुक्रवार, १२

बाहेर उणे एकतीस. चारच्या सुमारास दोन्ही कॉम्प्युटर मेले. आपणच उठले. पुन्हा मेले. स्टेफाबाईंच्या गल्ल्यावर ही लांब रांग. वॉल्टर धावत आला — "काय दाबलंत?"

"काही नाही हो! ते आपलं आपणच गेलं."

"आपलं आपण कसं जाईल? गाळलेली वीज आहे!"

मंगळवार, १६

पुन्हा मेले, पुन्हा चारलाच. आणि चारला गल्ल्यावर स्टेफाबाई. वॉल्टरने कुठेतरी वाचलंय की कोरड्या थंडीत लोकरीतून ठिणग्या उडतात. झालं, गुन्हेगार सापडला — त्यांचा स्वेटर!

आजपासून स्टेफाबाईंनी स्वेटर काढून, काउंटरच्या लोखंडी पायाला हात लावून मगच कळफलकाला शिवायचं. दर गिऱ्हाइकाला वाकतात बिचाऱ्या. डॉ. क्लासेनच्या बायकोने विचारलं, कसलं नवीन व्रत घेतलंय का? मी म्हटलं, हो, मालकाला अक्कल येईपर्यंत चालणार आहे.

वॉल्टरने स्वेटर घातलेलाच होता.

गुरुवार, १८

वॉल्टरची नवी काटकसर! गाडीतळावर नोकरांच्या गाड्यांसाठी वीज असायची, गाडीला वायर जोडून इंजिन ऊबदार राहावं म्हणून. डिसेंबरापासून सगळ्या सॉकेटांना कुलूप! त्याची गाडी घरच्या गॅरेजात मऊ गादीवर असल्यासारखी झोपते, त्याचं काय जातंय! आमच्या खाटकाचा, नेस्टरचा ट्रक संध्याकाळी तास तास खोकतो.

माझी खटारा मात्र हल्ली पहिल्या चावीला सुरू. नेस्टर जळून खाक. त्याला म्हटलं, गाडीशी प्रेमाने बोलावं लागतं, शिव्या देऊन भागत नाही.

शनिवार, २०

उणे पाच. वसंतच! कॉम्प्युटर ठणठणीत. वॉल्टर छाती काढून फिरतोय — "बघितलंत? स्वेटर!"

स्टेफाबाई दाराजवळच्या गल्ल्यावर सुती ब्लाउजात. दार उघडलं की अंगावर काटा दिसतो.

सोमवार, २२

उणे छत्तीस. स्वेटर नाही, काउंटरच्या पायाला दहादा हात, तरी मेले. वॉल्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "स्टेफाबाई, आणखी एकदा झालं की घरी बसा. तुमच्या हाताला हे काम जमत नाही."

त्या पिशव्यांची घडी घालत राहिल्या. नवरा गेल्यापासून या गल्ल्याशिवाय त्यांना आहे काय? आणि ह्या गावात दुसरं दुकान आहे कुठे?

माझं डोकंच फिरलं. थीसनला फोन लावला. तो म्हणाला, "बाईंचा काय संबंध? पेटीवर कोणीतरी जादा भार टाकतंय. नारिंगी सॉकेटं तपासा."

नेस्टर! दुसरं कोण? त्याला चार वाजता कॉफी लागते, आणि कॉफीचं यंत्र कुठेही खुपसेल तो. मी वॉल्टरला सगळ्यांदेखत सांगितलं, चोर मी पकडून देते, पण मग त्याच्याशीही हाच न्याय.

"ज्याची वायर सापडेल तो त्याच दिवशी घरी," वॉल्टर म्हणाला. "कोणी का असेना."

शब्द घेतला त्याच्याकडून. शाबास, ल्यूबा!

बुधवार, २४

उणे अडतीस. कॉम्प्युटर मेले तशी कोठीत धावले. मैद्याच्या पोत्यांमागे बघितलं — नारिंगी सॉकेट, त्यात नारिंगी वायर. कॉफीचं यंत्र नाही. वायर मागच्या दाराखालून बाहेर. दार उघडलं. बर्फावरून, नेस्टरच्या ट्रकला वळसा घालून वायर गेली होती ती थेट माझ्या गाडीच्या नाकात.

मागून स्टेफाबाई आल्या. "अगं, दार लाव, केवढा गारठा! थंडी कडक असली की पावणेचारच्या चहाच्या सुट्टीत लावते. डिसेंबरात तुझी गाडी अडली, तू चालत घरी गेलीस, कान गोठले होते ना तुझे? वायर तुझ्याच डिकीतली घेतली हो."

"या सॉकेटात?"

"मग! आपल्याकडे गाडीची वायर नेहमी नारिंगीच. नारिंगी सॉकेट बघितलं, म्हटलं, देवाने वॉल्टरला बुद्धी दिली, गाड्यांसाठी आत सोय केली! का गं, काय झालं?"

त्यांना स्वतःला गाडी नाही. चर्चच्या पलीकडून चालत येतात.

त्यांना सॉकेटाचं सांगायचं काम कोणाचं होतं? माझं. मी विनोद करत बसले. वायर काढून गुंडाळली आणि त्यांना म्हटलं, काही नाही, जा गल्ल्यावर. वॉल्टर बँकेत गेला होता म्हणून आजचा दिवस निभावला.

नेस्टरच्या नावाने काय काय बोलले मी. लाज वाटते.

गुरुवार, २५

उणे चाळीस. गाडी खोकलीसुद्धा नाही. चालत गेले. वॉल्टर दारातच — "सापडला चोर?"

सापडला म्हटलं. वायर टेबलावर ठेवली. माझी आहे, गाडीही माझीच.

स्टेफाबाई बोलायला पुढे झाल्या. मी म्हटलं, तुम्ही आधी स्वेटर घाला.