मामीसाठी पांढराशुभ्र काँप्युटर

चि. भाचेसाहेबांस मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं धडधाकट. ताईचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून रुसलेलाच आहे? तुझ्या वडिलांना म्हणावं, कोट तयार आहे, पोट आणखी सुटायच्या आत घेऊन जा. (त्यांचं माप दर खेपेला मी गुपचूप वाढवतो आणि दोष कापडाच्या आटण्याला देतो.) हे सगळं फोनवरही बोललो असतो, पण आमचं घर लहान आणि तुझ्या मामीचे कान तिखट. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पेशंट कुशीवर वळला तरी तिला कळतं. आणि विषय तिचाच आहे.

महिनाअखेरीस ती इस्पितळातून निवृत्त होतेय. तुला ठाऊकच आहे, ड्यूटीवरून आली की ती मोबाइलवर लढाईचा खेळ खेळते. तिच्या टोळीतली पोरं तिला ‘सिस्टर’ म्हणतात आणि तिच्या हुकमाशिवाय पाऊल टाकत नाहीत. पण ऐन लढाईत मोबाइल तापून बंद पडतो, टोळी मारली जाते, आणि ही मोबाइल उपडा ठेवून भाजी चिरायला बसते. तो चेहरा मला बघवत नाही रे. म्हणून ठरवलं, निवृत्तीच्या दिवशी तिच्यापुढे खास खेळासाठीचा काँप्युटर ठेवायचा, आणि तोही स्वतः जोडलेला. कोणता भाग कोणत्या भागाशी जमतो ते कळवतो, असं तू म्हणालास, तेव्हा मीच नको म्हटलं. जन्मभर कोट शिवणाऱ्याला पाच-सात तुकडे जोडता येऊ नयेत? रेडीमेडच द्यायचा, तर तिने शिंप्याशी लग्न कशाला केलं?

माझी पद्धत ठरलेली आहे. कापडाचा तुकडा खिशात घालायचा आणि अस्तर, दोरा, बटणं त्याला लावून बघायची. इथेही तेच केलं. तिच्या जुन्या गणवेशाच्या दुमडीतून एक तुकडा कापला (पांढऱ्यातही दुधी, मोतिया असे पुष्कळ प्रकार असतात, ते तुम्हा शिकलेल्यांना दिसत नाहीत) आणि बाजार गाठला. पहिल्या दुकानात प्रोसेसर घेतला, म्हणजे काँप्युटरचा मेंदू. तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड तिथल्या चष्मेवाल्या दुकानदाराने दाखवला, पण काळा! पांढऱ्या कोटाला काळी बटणं लावणारा शिंपी मी नव्हे. तो बिचारा ‘सॉकेट बघा, सॉकेट बघा’ (म्हणजे मेंदू बसायची खाच) म्हणत दारापर्यंत आला. मी म्हटलं, "सॉकेट आत राहणार, डोळ्यांना रंग दिसणार." पुढच्याच दुकानात तुकड्याशी तंतोतंत जुळणारा बोर्ड मिळाला. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणारा भाग, तेही पांढरंशुभ्र. ते कॅबिनेटवर, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं त्या पेटीवर, आडवं धरून टेपने मोजूनच घेतलं.

घरी येऊन बघतो, तर बोर्डावर बारीक बारीक भोकं, आणि प्रोसेसरचं पोट सपाट. काजं भरपूर, पण बटणाचा पत्ता नाही, मेंदू बसणार कुठे! कार्डाचं म्हणशील, तर कॅबिनेट मी बाहेरून मोजली होती. आत एक पत्र्याची मांडणी आडवी आहे, ती मेली मध्ये येते. यात माझ्या मापाचा काही दोष नाही, त्यांनी आतून अस्तर जाड लावलंय. मी मात्र हातावर हात ठेवून बसलो नाही. लगेच खोळ शिवली. दुहेरी शिलाई, कोपऱ्यांना पाइपिंग, नावाला सुरकुती नाही. ती घालून सगळं अस्तरांच्या कपाटात ठेवलंय, त्या कपाटाला मामी हात लावत नाही. थोडक्यात, काम झाल्यातच जमा आहे. काँप्युटर फक्त चालू व्हायचा राहिलाय.

ताईला नमस्कार, धाकटीला गोड पापा.

तुझा,
मापात कधीही न चुकणारा मामा

ता.क. : रविवारी सहज आल्यासारखा ये. येताना छोटा स्क्रूड्रायव्हर आण आणि जे बदलायचं ते बदल. निवृत्तीच्या दिवशी मी खोळ काढली आणि आत अंधारच निघाला, तर तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहू? हात जोडतो, पण हे ताईला सांगू नकोस.

आणखी ता.क. : डिंक संपलाय. पाकीट मामीकडेच देतो, ड्यूटीवर जाताना चिकटवून पोस्टात टाकेल. काळजी नको, दुसऱ्याचं पत्र ती कधी वाचत नाही.

शेवटचा ता.क. (मामीचा) : बाळा, ते कपाट झटकतं कोण? मागच्या आठवड्यात यांना दुपारची झोप लागल्यावर मी पावतीवरचा पत्ता धरून चष्मेवाल्याकडून तो काळा बोर्ड आणला आणि बसवला. पत्र्याची मांडणी दोन स्क्रू काढल्यावर निघाली. आता रोज हे घोरतात तेवढा वेळ माझी टोळी लढते, आणि नंतर मी खोळ होती तशी घालून ठेवते. इतकं मापात बसलेलं मी दुसरं काही पाहिलं नाही. माझ्या गणवेशाचा तो तुकडा अजून यांच्या खिशात आहे. धुवायला टाकताना काढते आणि पुन्हा ठेवते. तर रविवारी नक्की ये. थोडा वेळ आत डोकं घाल, घाम पूस, आणि एक वायर सैल होती म्हण. बोर्ड काळा कसा झाला विचारलं, तर सांग, वीज लागली की पांढरं काळं पडतं. विश्वास ठेवतील. आणि बटण मात्र यांनाच दाबू दे.