गेल्या तर दोघी

४ मार्च
सातवीच्या पालकांची सभा. वर्गात अकरा मुलं, आले सहा जणांचे पालक, त्यातल्या पाच बाया. पुढच्या वर्षी ही मुलं आठवीला दोंडाईच्याला हायस्कूलला जाणार. म्हणजे जायला हवीत. आमची शाळा सातवीपर्यंतच.
बायांनी विचारलं ते सगळं खरं विचारलं. मुलींचा संडास वेगळा आहे का. परतीची एस.टी. चुकली तर पोरीने थांबायचं कुठे. गणित कोण शिकवतं, हे कुणी विचारलं नाही.
सहावे आबा. त्यांच्या घरातल्या दोघी माझ्या वर्गात आहेत. कविता त्यांची स्वतःची मुलगी, सगळ्यांच्या मागून उशिरा झालेली. समीक्षा थोरल्या मुलाची, प्रकाशभाऊंची. आत्या आणि भाची, वयात काही महिन्यांचा फरक, बाक एकच. समीक्षा हुशार. फार हुशार. कविता...
प्रकाशभाऊ सुरतला असतात, त्यामुळे शब्द आबांचा. निघताना म्हणाले, "मॅडम, जातीन तं दोन्ही जातीन. एकटीले मी धाडाव नही."
मी म्हटलं, दोघी जातील की. अगदी सहज म्हटलं.

९ मार्च
आज वर्गातच हायस्कूल केलं. दर तासाला घंटा, दर तासाला नवीन शिक्षक. सगळे शिक्षक मीच. इंग्रजीला चष्मा लावून आले, विज्ञानाला पदर खोचून. पोरं हसून हसून लोळली. समीक्षाने हात वर करून विचारलं, "सर, बाहेर जाऊ का?" आणि स्वतःच लाजली.
कविता हसत होती, पण घंटा झाली की समीक्षाच्या हातांकडे बघायची. ती कुठलं पुस्तक काढते ते बघून मग स्वतःचं काढायची.

१६ मार्च
मुलांना हायस्कूल दाखवून आणलं. एस.टी.ने गेलो. मुख्याध्यापक सर सोबत होते, त्यांना मळमळलं. मुलं मैदानावर पळाली. प्रयोगशाळेतला सांगाडा खरा की खोटा यावर वाद. समीक्षा ग्रंथालयाच्या जाळीला नाक लावून उभी. हलेचना.
नळावर हात धुताना कविता शेजारी आली. पाणी चालूच ठेवलं तिने, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.
"मॅडम, माले नही जानं."
का गं?
"आपल्या शाळेत सगळ्यांना माहितीये मला वाचता येत नाही. इथे रोज नवीन माणसाला कळेल."
मग म्हणाली, "पण मी नाही म्हटलं तर समीक्षा पण राहील. तुम्ही सांगू नका आबाले. मी जाईन."
मी काय बोलले? "बघू आपण." एवढंच. परतीच्या गाडीत दोघी एका सीटवर. समीक्षा झोपली, कविता तिचं डोकं धरून बसलेली.

२० मार्च
डोक्यातून जात नाही. आबांना सांगितलं तर समीक्षाचं संपलं. नाही सांगितलं तर एका मुलीला दुसरीची सोबत म्हणून पाठवायचं. तेही जाणूनबुजून.
ह्यांना सांगितलं. धुळ्याहून दमून आले होते, बूट सोडता सोडता म्हणाले, "दोघी जाताहेत ना? मग झालं."
झालं कसं.

११ एप्रिल
कविताला शाळा सुटल्यावर थांबवते. छोटी पुस्तकं, दोन-दोन ओळी. जोडाक्षर आलं की थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. आज "प्रश्न" वाचला. मग पुन्हा "प्रश्न". मग पुढच्या पानावर शोधून काढला.
समीक्षा बाहेर पायरीवर बसून असते. दोघींनी सोबतच घरी जायचं असा घरचा नियम.

सुट्टीतले दिवस, मे
शाळेच्या गावी जाणं झालं नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, जामनेरला राहिले. तिथून फोन केला आबांच्या घरी. समीक्षाच्या आईने उचलला. "कविता वाचते का?" "वाचते वाचते." मागून कविता काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही.

१८ जून
गेल्या! अकरापैकी नऊ जण गेले. उरलेल्या दोघांच्या घरी मु.अ. सर जाणार आहेत.
मी दोंडाईच्याहूनच रोज शाळेला जाते; आज सकाळी स्टँडवर मुद्दाम थांबले. गाडीतून उतरल्या दोघी, नवी दप्तरं, तेल चापून दोन वेण्या. समीक्षा बोलत सुटली. कविताने फक्त "मॅडम" म्हटलं आणि हसली. हसली की. मला तेवढं पुरलं.

२ जुलै
हायस्कूलच्या वर्गबाई बाजारात भेटल्या. समीक्षाचं कौतुक. कविताचं विचारलं तर म्हणाल्या, "कोणती? हां, ती गप्प असते."

१५ जुलै
दुपारी वर्गबाईंचा फोन. कविता आठवडाभर वर्गात नाही. समीक्षा सांगते, घरी आजारी आहे.
मी आजच सकाळी दोघींना एस.टी.तून उतरताना पाहिलंय.
उरलेले तास कसे घेतले कळलं नाही.

१६ जुलै
अर्धी रजा टाकली. आधी समीक्षाला गाठलं, मधल्या सुट्टीत. तिच्या हातात दोन डबे, एक कविताचा. विचारायची गरजच राहिली नाही. रडायला लागली. "मॅडम, सांगू नका."
तिच्या मागोमाग रेल्वे स्टेशनवर गेले. कविता बायकांच्या खोलीत, भिंतीच्या कडेला, दप्तर मांडीवर. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहतात तशी.
मग तिने सांगितलं. मराठीच्या तासाला सरांनी तिला धडा वाचायला उभं केलं होतं. ती थांबली. मागून एका मुलाने पहिलीतल्या पोरासारखं अक्षर-अक्षर लावून दाखवलं. वर्ग हसला. सर रागावले त्या मुलावर, पण मग म्हणाले, "बस, उद्या तयारी करून ये." दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली आणि वळली.
"इथे भीती नाही वाटत?"
"वाटते. पण कमी वाटते."
तिघींनी त्या दोन डब्यांतलं खाल्लं. मी नसतं खाल्लं तर त्यांनीही खाल्लं नसतं.

१७ जुलै
हे पहिल्यांदा चिडले. "तेरा वर्षांची पोरगी स्टेशनवर बसते आणि तुला माहितीये. आजच्या आज सांग आबांना."
बरोबर आहे त्यांचं. माझ्या डोळ्यांपुढे समीक्षा येते आणि मी आबांकडे जात नाही.
वर्गबाईंशी बोलले. चांगल्या आहेत. कविताला इतक्यात कुणी उभं करणार नाही, पहिल्या बाकावर बसवते म्हणाल्या. कविता कबूल झाली. मीही स्वतःला सोमवारपर्यंत सूट दिली.

२१ जुलै
कविता दोन दिवस वर्गात बसली. वर्गबाईंनी कळवलं. जीवात जीव.

२३ जुलै
आबा शाळेत आले. मी चौथीच्या वर्गावर होते. दारात उभे, टोपी हातात. गावातल्या कुणीतरी मागच्या आठवड्यात कविताला स्टेशनवर पाहिलं होतं.
"मॅडम, बठ्ठा गाव म्हनी राहिना. खरं शे का?"
व्हरांड्यात नेलं. सगळं सांगितलं. मैदानाच्या नळापासून. तिने मार्चमध्येच नको म्हटलं होतं, हेही. ते वगळता आलं असतं. नाही वगळलं.
आबा म्हणाले,
"म्हंजे तुमले माहीत व्हतं."
हो, आबा.
"आंडेर मनी शे, मॅडम. मनी पोर. माले सांगानं नही का?"
आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. टोपी घातली आणि गेले. चौथीची पोरं खिडकीत गोळा झाली होती, मी त्यांच्यावरच ओरडले.

२४ जुलै
दोघीही गेल्या नाहीत हायस्कूलला. वर्गबाईंचा फोन. मी उचलला नाही, मग उचलला.

२६ जुलै, रविवार
आबांनी निरोप धाडून घरी बोलावलं. ह्यांनी सोबत येऊ का विचारलं. नको म्हटलं.
ओट्यावर आबा, आत दारापाशी समीक्षाची आई. प्रकाशभाऊ सुरतहून फोनवर, फोन खाटेवर ठेवलेला. ते म्हणत होते, "पोरी घरी ठेवा, बस झालं." मागे मशीनचा आवाज. समीक्षा खांबाला टेकून, डोळे सुजलेले.
मी बोलायला तोंड उघडलं, आबांनी हात केला. कविताला समोर बसवलं.
"तुले काय करनं शे? तू सांग. दुसरं कोनी बोलाव नही."
हा प्रश्न तिला मी एकदाही विचारला नव्हता. मार्चपासून किती बोलले तिच्याशी. वाच, जा, बस, धीर धर.
कविता फरशीकडे बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल, जाते. समीक्षासाठी म्हणेल.
"माले वाचता येवाले पाहिजे," म्हणाली. "पन तठे नही."
"मंग कोठे?" आबांनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.
आमची शाळा सातवीपर्यंत. तिचं नाव तिथून गेलं. म्हटलं, मी उद्या मु.अ. सरांशी बोलते, रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे येऊ दे. नियमात बसतं का माहीत नाही. आणि हायस्कूलमधलं तिचं नाव, त्याचं काय, तेही माहीत नाही. आबांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
समीक्षाचा विषय कुणी काढेना. ती खांबाजवळून हललीसुद्धा नव्हती. निघताना चपला घालता घालता मीच विचारलं, "आणि समीक्षा, आबा? उद्या?"
आबा उठले. समीक्षाकडे बघितलं, मग आत सुनेकडे.
"सकायपासून काही खादं नही तिनी," म्हणाले. "आधी जेवू द्या तिले."